काउंट उगोलिनोने पोरं खाल्ली?

‘पिसाच्या काउंट उगोलिनोने कोठडीत स्वतःची चार चिमुरडी मुलं खाल्ली, दान्तेनेच लिहून ठेवलंय. देशद्रोह्याला देवाने शिक्षा दिली, वंशही बुडाला.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय. (पिसा हे इटलीतलं शहर, दान्ते हा मध्ययुगीन इटालियन महाकवी.) सोबतचा फोटो कार्पो या फ्रेंच शिल्पकाराच्या, १८६०च्या दशकातल्या शिल्पाचा आहे. तो पुरावा कसला?

आधी चिमुरड्यांचं बघू. १२८८च्या जुलैत म्हाताऱ्या उगोलिनोबरोबर पकडले गेले ते गाद्दो आणि उगुच्चोने हे दोन मुलगे, आणि नीनो व आन्सेल्मुच्चो हे दोन नातू. मुलगे चांगले बाप्ये होते. चौघांनाही कोवळी पोरं केलं ते दान्तेने. कवीला ती मुभा असते, फॉरवर्ड करणाऱ्याला नाही.

दान्ते तरी काय म्हणतो? बाप दुःखाने स्वतःचे हात चावतो, पोरांना वाटतं भुकेने, म्हणून ती ‘आम्हालाच खा’ म्हणतात. तो खात नाही. चौथ्या दिवशी गाद्दो जातो, सहाव्यापर्यंत बाकीचे. आंधळा झालेला बाप दोन दिवस प्रेतं चाचपत हाका मारतो, आणि मग दुःखाने जे झालं नाही ते उपासमारीने होतं. सगळी बोंब या एका ओळीवर आहे; भुकेपुढे दुःख हरलं, म्हणजे त्याने प्रेतं खाल्ली, असा अर्थ लोक काढतात. सरळ वाचली तर ती एवढंच सांगते, की म्हातारा शेवटी भुकेने मेला.

इतिवृत्तकार विल्लानी सांगतो: १२८९च्या मार्चमध्ये कोठडीच्या किल्ल्या आर्नो नदीत फेकल्या, काउंट पापाची कबुली द्यायला ओरडत राहिला तरी पाद्री दिला नाही, नंतर पाचही प्रेतं काढून पुरली. खाण्याचा शब्द नाही. फ्लोरेन्सच्या एका इतिवृत्तात तशी वदंता येते खरी, पण पिसाच्या वैऱ्यांच्या गावची वदंता ती! २००१मध्ये सापडलेल्या हाडांच्या तपासणीतही मांसाहाराची खूण मिळाली नाही; मात्र ती हाडं त्याचीच का यावर वाद आहे, म्हणून त्यांवर माझी भिस्त नाही.

देशद्रोह? १२८४मध्ये मेलोरियाच्या लढाईत जेनोआने पिसाचं आरमार बुडवलं, आणि त्यानंतर पिसाने कारभार सोपवला तो याच माणसाकडे. त्याने काही किल्ले शेजारच्या लुक्का शहराला दिले, तेही शत्रूंची युती फोडायला. त्याला कैदेत टाकणाऱ्या पिसाच्या आर्चबिशप (मुख्य धर्मगुरू) रुज्जेरीला ते आयतंच कोलीत मिळालं.

आणि वंश? लोत्तो हा मुलगा तेव्हा जेनोआच्या कैदेत होता, म्हणून वाचला. उगोलिनोचं गेरार्देस्का घराणं आजही आहे. इटलीतल्या बोल्गेरी गावात त्यांचे द्राक्षमळे आहेत.