धर्मप्रांताचा आराखडा करणाऱ्यांसाठी काही सूचना

पुणे कॅथॉलिक धर्मप्रांताच्या, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्राच्या, भावी वाटचालीचा आराखडा करणाऱ्या समितीवर आपली वर्णी लागली असेल, तर मनःपूर्वक अभिनंदन, आणि लगोलग एक विनंती : काम सुरू करण्यापूर्वी धर्मप्रांताचा इतिहास वाचू नये. स्थापना १८८६ ची, १९८७ मध्ये नाशिक वेगळे झाले आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग, एवढी माहिती सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलच्या फोटोखाली पहिल्या स्लाइडवर सहज मावते. त्यापुढे वाचत गेल्यास मात्र डोअरिंग नावाचे, जेजुइट या संन्यासी संघाचे जर्मन बिशप भेटतात, जे १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले, पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना इथे थारा उरला नाही तेव्हा पुण्याला मुकले, १९२१ मध्ये जपानात हिरोशिमाला नेमले गेले आणि १९२७ मध्ये पुन्हा पुण्याच्याच गादीवर आले. हे कळल्यावर दहा वर्षांचा तक्ता आखणाऱ्याचा हात थरथरतो, आणि तक्त्याच्या रेघा तर सरळ यायला हव्यात.

मार्गदर्शक बाहेरचा आणावा. नगर रस्त्यावर १९५५ पासून धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी आहे, तिथेच ज्ञानदीप ही ईशज्ञानाची संस्था आहे, देशभरातले ईशज्ञानाचे अभ्यासक तिथे शिकतात आणि शिकवतात. परंतु ही मंडळी विचार करतात, त्यामुळे वेळापत्रक कोलमडते. त्यापेक्षा हिंजवडीत कंपन्यांची शिबिरे घेणारा एखादा उत्साही गृहस्थ बरा. तो आपल्या मंडळींना ‘भागधारक’ म्हणेल, ते कोणाला खटकणार नाही.

सर्वांत अधिक काळजी प्रश्नावलीची घ्यावी. मूळ मसुदा इंग्रजीत करावा, मराठी भाषांतर ऐन वेळी करून घ्यावे आणि प्रती सकाळच्या इंग्रजी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) दारात वाटाव्यात. मराठी मिस्सेपर्यंत त्या संपतातच. मग अहवालात ‘मराठीभाषक श्रद्धावंतांचा प्रतिसाद अल्प’ अशी नोंद करता येते. तरीही सभेत मागच्या बाकावरून एखाद्या मावशी उठतातच. त्या पदर सावरत विचारतात, “फादर, आमची मिस्सा भर दुपारीच का? आणि पोरांचं धर्मशिक्षणाचं, कॅटेकिझमचं पुस्तक इंग्रजीतच का, घरी आम्ही शिकवायचं कसं?” अशा वेळी गडबडून जाऊ नये. प्रश्न अत्यंत महत्त्वाचा असल्याचे सांगून फ्लिपचार्टवर निळ्या मार्करने ‘भाषिक समावेशकता : भविष्यातील संधी’ असे लिहावे आणि पान उलटावे. मावशींना आपले म्हणणे लिहून घेतल्याचे समाधान मिळते, आणि मिस्सा जिथल्या तिथे राहते. हाच उपाय दफनभूमीतल्या अपुऱ्या जागेला, कॉन्व्हेंटमधल्या प्रवेशाला आणि जमिनींच्या हिशेबालाही लागू पडतो; शेवटच्या बाबतीत मार्करची शाई संपलेली असल्यास उत्तम.

(याच शहरात केरळी परंपरेच्या कॅथॉलिकांपैकी सीरो-मलबार मंडळींवर कल्याणच्या आर्चबिशपांचा आणि मलंकारा मंडळींवर पुणे-खडकीच्या बिशपांचा अधिकार चालतो, हे नकाशा काढताना विसरावे. आपल्या हद्दीत आपण एकटेच, असे दाखवल्याने रंग कमी लागतात.)

कोणी कायद्याचा दाखला मागितला, तर बिनधास्त द्यावा, कारण कायदा आपल्याच बाजूने आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ४९२ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मप्रांताला अर्थविषयक मंडळ असलेच पाहिजे; श्रद्धावंतांचे पाळकीय मंडळ मात्र ५११ व्या कलमानुसार परिस्थितीला अनुसरून स्थापावयाचे असते, आणि ५१४ व्या कलमानुसार त्याचे मत केवळ सल्ल्यापुरते असते. पैशांना मंडळ हवेच, माणसांचे पाहता येईल, असा याचा सोपा अर्थ कोणी काढल्यास त्याला सिनडच्या, म्हणजे धर्मसभेच्या, उपसमितीवर घ्यावे. रोममधील सिनडने ऑक्टोबर २०२४ च्या अंतिम दस्तऐवजात अशी सहभागाची मंडळे सक्तीची करावीत असा आग्रह धरला आहे, हे खरे. त्या दस्तऐवजाचे मराठी भाषांतर आपण समितीच्या पुढच्या टप्प्यात घेऊ.

आता लक्ष्यवर्ष. भारतातल्या लॅटिन विधीच्या, म्हणजे आपल्यासारख्या रोमन परंपरेच्या, बिशपांनी आपल्या पाळकीय आराखड्यासाठी २०३३ हे साल धरले आहे, कारण तेव्हा प्रभूच्या मरण-पुनरुत्थानाला दोन हजार वर्षे होतात. यात श्रद्धा आहेच, शिवाय सोयही आहे. बिशपांनी पंच्याहत्तरी गाठली की राजीनामा सादर करावयाचा असतो, फादरांची दर काही वर्षांनी बदली होते, म्हणून साल असे निवडावे की ते उजाडेल तेव्हा आराखड्यावर सही करणारा एकही जण त्या खुर्चीत नसेल. शिवाय घटना आपल्याही पुढे धावतात : २०२३ मध्ये पुण्याला नेमले गेलेले बिशप जॉन रॉड्रिग्ज दोन वर्षे भरण्याआधीच मुंबईचे आर्चबिशप झाले. गादी रिकामी झाली की ५१३ व्या कलमानुसार पाळकीय मंडळ आपोआप विसर्जित होते आणि ४२८ व्या कलमानुसार त्या काळात कोणताही नवा बदल करता येत नाही. म्हणजे न केलेल्या कामाला जी स्थगिती आपण स्वतः देऊ शकलो नसतो, ती कायदाच देतो.

तेव्हा अहवाल चांगल्या कागदावर छापावा, लोकार्पण ढोल-लेझीम लावून करावे आणि उरलेले गठ्ठे पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) कपाटात, गेल्या वेळच्या गठ्ठ्यांच्या पुढे, नीट रचावेत. प्रश्नावलीची मूळ फाइल मात्र जपून ठेवावी, कारण पुढचे बिशप पहिल्याच बैठकीत सर्वेक्षण मागतील. फक्त साल आणि सहीची जागा कोरी सोडावी.