घंटा निधी : एका अनुभवी समिती-सदस्याकडून

मनोऱ्यातली घंटा बंद पडली की पहिला आठवडा कोणाच्या लक्षातच येत नाही. दुसऱ्या आठवड्यात एखादी आजी मिस्सेला उशिरा पोहोचते आणि फादरांना सांगते, "घंटाच ऐकू आली नाही, मग मला कळणार कसं?" हा क्षण हातचा घालवू नका. आजी गेली चाळीस वर्षं उशिराच येते हे सगळ्या धर्मग्रामाला ठाऊक आहे, पण ते आता काढायचं नाही. तिच्या या एका वाक्यावर निदान पाच वर्षं पुरेल असा निधी उभा राहतो. आमच्या वसईत मी तो उभा राहताना पाहिला आहे, म्हणून सांगतो.

नवखे लोक सुरुवातीलाच घोटाळा करतात. ते वर चढून बघतात. तुम्ही चढू नका. चढलात तर कळेल की घंटेला काहीही झालेलं नाही. ती काशाची असते, साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथिल. खाऱ्या वाऱ्याचं तिला काही वाटत नाही. अंगावर हिरवट थर चढतो तो तिचा रेनकोट समजा. (उत्साही तरुण मंडळ तो ब्रासोनं घासायला निघेल. त्यांना मात्र खरंच अडवा. थराबरोबर वरची अक्षरंही झिजतात. एवढा एकच सल्ला मी मनापासून देतो आहे.) कुजतं ते आजूबाजूचं. लाकडी तुळई पोखरते, लोखंडी पट्टे गंजतात, लोळा ज्या कडीला लोंबतो ती कडी झिजते. लोळा वर्षानुवर्षं एकाच जागी आपटला तर काठाला खळगा पडतो. त्यावर जुना उपाय असा, की घंटा चतकोर फिरवून टांगायची, म्हणजे लोळ्यापुढे कोरी जागा येते. एक सुतार, एक लोहार, ग्रीसचा डबा आणि नवा दोर. आता सांगा, एवढ्यात भागलं तर समिती कशाला नेमायची? म्हणून मनोऱ्याच्या जिन्याला कुलूप लावा आणि किल्ली अशा माणसाकडे द्या, जो मुलाकडे दुबईला गेला आहे.

बैठकीत एखादा वाचणारा माणूस असतोच. तो लंडनच्या बिग बेनची गोष्ट काढेल. १८५९ साली ती घंटा बसवली आणि काही महिन्यांतच तिला तडा गेला. मग तिथल्या लोकांनी ती जराशी फिरवली, हातोडा हलका केला, आणि ती तडा घेऊन आजही ठोके देते. हे उदाहरण निधीला अत्यंत घातक आहे. लगेच त्याच मनोऱ्याच्या अलीकडच्या दुरुस्तीकडे वळा. सुरुवातीचा अंदाज होता २ कोटी ९० लाख पौंडांचा, काम संपेपर्यंत आकडा गेला ८ कोटींच्या घरात. हे ऐकलं की सभासदांचे चेहरे खुलतात. आपण एकटे नाही, असं वाटतं.

समिती आठ जणांची ठेवा. आठ या आकड्याला आधार आहे. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे. आठ घंटा एकही क्रम पुन्हा न येऊ देता वाजवायच्या म्हटल्या तर क्रम होतात ४०,३२०. इंग्लंडात लफबरोला १९६३ साली आठ माणसांनी दोर न सोडता ते सगळे वाजवून दाखवले, जवळजवळ अठरा तास लागले. आपल्या समितीत कोणी कोणाच्या शेजारी बसायचं नाही, याचे प्रकार साधारण तेवढेच भरतात आणि वेळ त्याहून जास्त लागतो. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न जगात इतरत्र अवघड असेल, आपल्याकडे खजिनदार कोण हा त्याहून अवघड आहे.

चहाची तजवीज मात्र पहिल्याच बैठकीत करा. चहाला हलकं समजू नका. पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला, तेवढ्यावरून रानडे-टिळकांसकट पुणं ढवळून निघालं, ग्रामण्य (म्हणजे जातीच्या बहिष्काराचा वाद) झालं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा एवढं करू शकतो. आपल्याला तर फक्त इतिवृत्त मंजूर करून घ्यायचं आहे.

यानंतर स्मरणिका. स्मरणिकेशिवाय निधी म्हणजे वऱ्हाडाशिवाय लग्न. तिच्यात घंटेचा इतिहास घालावा लागतो आणि इथे वसईकरांची जरा पंचाईत होते. किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर देशावर गेल्या आणि देवळा-देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर दुसरी, १७०७ ची, अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता. कृष्णेच्या काठी ती इतकी वर्षं बिनतक्रार राहते आहे. भीमाशंकरालाही एक आहे. आता अडचण अशी, की या घंटा वाजतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे कोणी पावतीपुस्तक घेऊन आल्याचं मला आठवत नाही. भाविक येतो, हात वर करतो, टोला देतो आणि प्रसाद घेऊन चालू लागतो. ना अध्यक्ष, ना कार्याध्यक्ष. लुटीतली घंटा वाजते आणि वर्गणीतली वाजत नाही, हा विचार वाचकाच्या डोक्यात येता कामा नये. हे पान स्मरणिकेत घेऊ नका. तिथे बँकेची जाहिरात बरी दिसते.

आपल्या घंटेबद्दल लिहिताना 'बहुधा' हा शब्द सढळ हातानं वापरा. बहुधा पोर्तुगीजकालीन, बहुधा लिस्बनहून आलेली, बहुधा आशियातली तिसरी. खरं म्हणजे ओतणाऱ्याचं नाव आणि साल घंटेवरच असतं. पण वर चढायचं नाही हे आपलं ठरलं आहे ना?

कोणीतरी गोव्याचा दाखला देईल. पणजीच्या मोठ्या जिन्याच्या चर्चमधली घंटा मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडला, घंटा आग्वादच्या दीपस्तंभावर गेली, तिथून १८७१ साली पणजीला आली, आणि अजून तिथेच आहे. वापरलेली वस्तू, खर्च फक्त वाहतुकीचा. असल्या काटकसरी लोकांच्या नादी लागून कोणाचंही भलं झालेलं नाही. आपण आदर्श ठेवायचा तो मॉस्कोचा. क्रेमलिनमध्ये सुमारे दोनशे टनांची झार घंटा आहे. १७३५ साली ओतली, १७३७ च्या आगीत तिचा साडेअकरा टनांचा तुकडा निखळला, आणि ती आजवर एकदाही वाजलेली नाही. तरी जगभरची माणसं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. घंटेची कीर्ती वाजण्यावर अवलंबून नसते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आता पैसे. देणगीदार घंटेला पैसे देत नाही, पाटीला देतो. हे एकदा मनाशी पक्कं झालं की सगळं सोपं जातं. 'या लोळ्याचा खर्च अमुक कुटुंबाकडून, आजोबांच्या स्मरणार्थ' अशी पाटी लावायची म्हटलं तर कोणी पुढे येत नाही, कारण लोळा वर अंधारात आणि तिथे जाणार फक्त कबुतरं. पाटी खाली लावा, पवित्र पाण्याच्या भांड्याशेजारी, म्हणजे प्रत्येक हात तिच्यावरून जाईल. संगमरवरी लावा. अक्षरं सोनेरी. पाट्यांचा खर्च निधीतून करायला हरकत नाही, त्या घंटेसाठीच आहेत. ग्रीससाठी पाटी मागणारा देणगीदार मला अजून भेटायचा आहे.

सणाच्या दिवशी फुग्यांचा स्टॉल, हाउजी, लकी ड्रॉ हे ओघानं आलंच. पहिलं बक्षीस स्कूटर ठेवलं, तर स्कूटरची किंमत वजा जाता उरेल तेवढ्यात पुढच्या लकी ड्रॉची तिकिटं छापून होतात. गोल फिरत राहिलं पाहिजे.

परदेशातली मंडळी हा हळवा विषय. आखातातल्या भाच्यानं बँकेतून पैसे पाठवले तर अडचण नाही, त्याचा पासपोर्ट भारताचा आहे. कॅनडातल्या भाचीनं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर तिचे शंभर डॉलर कायद्यानं परदेशी देणगी ठरतात. त्याला केंद्राची नोंदणी हवी, आणि खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवं. भाची तीच, घंटा तीच, लहानपणी झोपमोड करणारी. पण कायदा म्हणजे कायदा. हे प्रकरण समितीत काढा, दोन वर्षं सहज जातात.

मधल्या काळात लोक कुरकुरतील. त्यांच्यासाठी मनोऱ्यावर कर्णा लावा आणि घंटेचा आवाज मोबाइलवरून सोडा. आवाज परदेशातल्या कुठल्यातरी चर्चचा घ्या, तो जास्त भारदस्त असतो. शेवटी जाहिरात ऐकू आली तरी चालेल. पुढे पैसे जास्तच साठले तर घंटेला विजेचा हातोडा आणि घड्याळ बसवा. वीज जाऊन आली की हे घड्याळ बारा समजून बसतं आणि पहाटे तीन वाजता देवदूताची प्रार्थना सुरू होते. गाव उठून बसतं. भक्तिभाव वाढला, असं अहवालात लिहिता येतं.

एका माणसापासून मात्र जपून राहा. दोर ओढणारे काका. त्यांचा पगार कधीच ठरला नव्हता, म्हणून तो वाढवायचा प्रश्न आला नाही. लग्नाची घंटा वेगळी, सणाची वेगळी. कोणी गेलं की एकेक टोला, मध्ये लांब थांबा, आणि शेतात पानवेलीला पाणी देणारा माणूस टोपी काढून विचारायचा, "कोण गेलं?" हे सगळं काकांच्या मनगटात आहे. समितीत त्यांना घेतलेलं नाही, कारण त्यांना ईमेल नाही. घंटेला काय झालंय हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. दोन्ही गोष्टी अशाच राहू द्या.

कारण विचारलं नाही तरी असली माणसं गप्प बसतील याची खात्री नाही. जिन्याची किल्ली दुबईत असली तरी काकांना मागची शिडी माहीत असते. एखाद्या दुपारी, कोणाच्या तरी मयताची वेळ झालेली असताना, ते ग्रीसचा डबा आणि विहिरीचा जुना दोर घेऊन वर जातील. मग अध्यक्ष जेवायला बसलेले असताना एक टोला पडेल. लांब थांबा. दुसरा टोला.

घाबरून जाऊ नका. उद्घाटनाआधी, पाहुण्यांची तारीख मिळालेली नसताना, समितीच्या लेखी परवानगीशिवाय घंटा वाजणं ही गंभीर बाब आहे. ताबडतोब चौकशी समिती नेमा, आठ जणांची. खर्च निधीतूनच. आणि चहा कोणाकडे, ते आधी ठरवा.