बुडत्या देशांना मदत कशी करावी (खिशाला हात न लावता)

समजा उद्या तुम्हाला एखाद्या श्रीमंत देशाचं हवामान खातं मिळालं. मिळू शकतं, हल्ली कोणालाही कुठलंही खातं मिळतंय. तर पहिल्याच दिवशी टेबलावर फाइल येणार की अमक्या देशात पूर आलाय, तमकं बेट खचतंय, आणि दीड-दोनशे वर्षं कोळसा तुम्ही जाळलात म्हणून पैसे पण तुम्हीच द्या. अजिबात घाबरायचं नाही. तुमच्या आधीच्या मंडळींनी सगळी व्यवस्था लावून ठेवलीये, तुम्ही फक्त ती मोडू नका.

पहिलं काम, आकडा जाहीर करा. मोठा पाहिजे आणि गोल पाहिजे. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत, कोपनहेगनला ठरलं, २०२० पर्यंत गरीब देशांना दरवर्षी १०० अब्ज डॉलर मिळतील अशी सोय करू. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. आकडा जाहीर करायला एक पैसा लागत नाही आणि तारीख अशी धरायची की तोपर्यंत तुमच्या खुर्चीत दुसरा कोणीतरी बसलेला असेल. २०२० उजाडलं, आकडा काही भरला नाही, मग २०२२ साली भरला असं जाहीर झालं, आणि जाहीर कोणी केलं तर ओईसीडीने, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्याच क्लबने. गावाकडच्या लग्नात आहेर माइकवरून पुकारतात ना, तसंच आहे हे, फक्त इथे आहेर देणारा, पुकारणारा आणि पाकीट फोडून मोजणारा एकच, नवरदेव आपला हात जोडून उभा.

नंतर २०२४ ला याच परिषदेत, बाकूमध्ये, गरीब देश म्हणाले की १०० मध्ये काही भागत नाही, वर्षाला १,३०० अब्ज लागतील. तुमच्या लोकांनी ३०० कबूल केले, ते पण २०३५ पर्यंत. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना आक्षेप घ्यायचा होता, पण त्यांना बोलायला मिळायच्या आधीच हातोडा आपटून ठराव मंजूर करून टाकला. नंतर त्यांनी हा सगळा दृष्टिभ्रम आहे असं सुनावलं, पण नंतर सुनावल्याने काय होतं. तेव्हा अध्यक्षाच्या टेबलावर हातोडा आहे ना, एवढं बघून घ्या.

आता मोजायचं कसं, हे सगळ्यात नीट वाचा कारण खरी कला इथे आहे. कर्ज दिलं तरी ते मदत म्हणूनच धरायचं. चेष्टा नाही करत, २०२२ मधल्या सरकारी हवामान-मदतीतला दोन तृतीयांशाहून जास्त भाग कर्जाचा होता. २०१९ मध्ये इदाई वादळाने मोझांबिकचं बैरा शहर झोपवलं, तर महिना-सव्वा महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ११.८ कोटी डॉलर घेऊन हजर. बिनव्याजी होते, कबूल, पण परत करायचेच की. २०२२ ला पाकिस्तानात पुराने सव्वातीन कोटींवर लोकांना फटका बसला, सतराशेच्या वर माणसं गेली, नुकसान ३० अब्ज डॉलरचं, आणि जिनिव्हाला सगळे जमले तेव्हा ९ अब्जांच्या वर आकडा पुकारला गेला, त्यातला बहुतेक प्रकल्पांसाठीचं कर्ज. म्हणजे धूर तुम्ही करायचा, घर त्याचं वाहून जाणार आणि हप्ते पण त्यानेच भरायचे.

कर्जाने पण आकडा भरत नसेल तर जे दिसेल ते धरा. रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये या हिशेबांची चिरफाड केली तेव्हा काय काय निघालं बघा. इटलीने आशियातल्या चॉकलेट-आइस्क्रीमच्या दुकानांना दिलेला पैसा हवामान-मदतीत धरला होता. अमेरिकेने हैतीतल्या समुद्रकाठच्या हॉटेलच्या विस्ताराचं कर्ज. बेल्जियमने एक पिक्चर, अर्जेंटिनाच्या जंगलात घडणारी लव्हस्टोरी. आणि जपानने तर बांगलादेशातला कोळशावरचा वीज प्रकल्पच धरला, याला म्हणतात हिंमत. आइस्क्रीमचं तरी मी समजू शकतो, उष्णता वाढतेय म्हटल्यावर काहीतरी गार लागणारच. गंमत म्हणजे यात कोणी नियम मोडला असं पण म्हणता येत नाही, कारण काय धरायचं आणि काय नाही याचा पक्का नियमच नाही.

एक चूक मात्र टाळा. स्वस्त आणि उपयोगी गोष्टींच्या नादी लागू नका. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात तीन लाखांच्या आसपास माणसं मेली असं मानतात. त्यानंतर त्यांनी गावोगावचे स्वयंसेवक तयार केले, इशारा द्यायला हातात भोंगे आणि झेंडे दिले, किनाऱ्यावर निवारे बांधले. २०२० ला अम्फान चक्रीवादळ आलं तेव्हा वीस लाखांहून जास्त लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. आता भोंग्यासारख्या वस्तूला पैसे दिले तर कन्सल्टंट कुठे घुसवणार, रिपोर्ट कसला लिहिणार? वर चुकून माणसं वाचली तर पुढच्या वर्षी परत मागतील.

नुकसानभरपाई हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही, त्यात कोर्टाचा वास येतो. समुद्र वर चढला तर बुडणाऱ्या देशांसाठी विम्यासारखं काहीतरी करा असं बेटांवरच्या देशांच्या वतीने वानुआतूने १९९१ मध्ये सुचवलं होतं. नुकसानीसाठी वेगळा निधी काढायचं ठरलं २०२२ मध्ये, शर्म अल शेखला. एकतीस वर्षं नुसत्या चर्चेत गेली, इतका संयम अंगी बाणवा. पुढच्या वर्षी दुबईच्या परिषदेत निधी सुरू झाला तेव्हा अमेरिकेने १.७५ कोटी डॉलर जाहीर केले. नुसत्या पाकिस्तानच्या एका पुराचं नुकसान त्याच्या सतराशे पट. आणि २०२५ मध्ये अमेरिका त्या निधीच्या बोर्डावरून उठून पण गेली, तेव्हा हा मार्ग पण तुम्हाला मोकळा आहे.

अगदीच दया आली तर माणसं घ्या, पण मोजून. तुवालू हा पॅसिफिकमधला बुडत चाललेला बेटांचा देश, वस्ती अकरा हजारांच्या आत-बाहेर, ऑस्ट्रेलियाने करार केला की वर्षाला २८० जण आमच्याकडे या, लॉटरी काढू. २०२५ ला अर्ज सुरू झाले आणि पहिल्या काही दिवसांतच एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी नावं घातली. आता कराराची बारीक अक्षरं वाचा, तुवालूने दुसऱ्या कुठल्या देशाशी संरक्षणाचा करार करायचा तर आधी ऑस्ट्रेलियाची संमती पाहिजे. आवळा देऊन कोहळा काढायचा तर असा. कोळशाची निर्यात चालूच आहे, ती थांबवा असं लॉटरीत कुठे लिहिलेलं नाही.

कोणी फारच अडचणीचं विचारलं तर चीन आणि भारताकडे बोट दाखवा, हे कधीच फेल जात नाही. माणशी हिशेबात मात्र शिरू नका, कारण अमेरिकन माणसामागे वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि आपल्याकडे माणशी २ टनांच्या आसपास, ज्यात कोरेगाव पार्कातला चार एसीवाला पण आला आणि मेळघाटात चूल फुंकणारी पण. तो आपला घरगुती वाद आहे, तुम्ही त्यात पडू नका.

बरं, २०२६ ची परिषद तुर्कस्तानात अंताल्याला आहे, आणि वाटाघाटींची सूत्रं ऑस्ट्रेलियाकडे, हो तेच ते लॉटरीवाले. मसुद्यात 'देऊ' ऐवजी 'देण्याच्या दिशेने प्रयत्न करू' घुसवायला रात्रभर जागणारी दोन-चार पोरं सोबत न्या. गाव समुद्रकिनाऱ्याचं आहे, रूम आत्ताच बुक करा, ऐनवेळी रेट डोक्यावरून जातात, आणि ते बिल हवामान-मदतीत टाकता येईल का हे अकाउंट्सला विचारून ठेवा, नियम तसा पक्का नाहीचे.