‘स्कॅन झालं, आता पाजू नका’: हा मेसेज पुढे पाठवू नका

नाशिकमधल्या आयांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कुठलंही स्कॅन झालं की अंगावरच्या दुधात किरणं उतरतात. तीन महिने पाजू नका, पिळलेलं दूध फेका, बाळाला पावडरवर ठेवा.’ सिडकोत, पंचवटीत बाळंतिणी हे वाचून घाबरतात, म्हणून लिहिते आहे.

‘कुठलंही स्कॅन’ हे साफ चूक. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांनी दूध किरणोत्सारी होत नाही. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून द्यायचं औषध) टोचला तरी त्याचा एक टक्काही दुधात येत नाही, आणि त्यातलाही अगदी थोडा बाळाच्या पोटातून शोषला जातो. बिनधास्त पाजा.

प्रश्न न्यूक्लिअर मेडिसिनचा आहे, कारण तिथे किरणोत्सारी औषधच टोचतात. पण तीन महिने? बहुतेक स्कॅनना वापरलं जाणारं टेक्नेशियम-९९एम दर ६ तासांनी निम्मं होतं. अडीच दिवसांत हजारावा हिस्साही उरत नाही. हाडांच्या किंवा किडनीच्या स्कॅननंतर पाजणं थांबवायची गरज नाही, असं आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोग सांगतो. थायरॉइडचं स्कॅन किंवा फुप्फुसातली गुठळी शोधायचं स्कॅन असेल तर १२ तास थांबायचं; काही ठिकाणी सरसकट २४ तास सांगतात. पेट (PET) स्कॅन हेही न्यूक्लिअर मेडिसिनचंच; त्याचं औषध दुधात फारच कमी उतरतं. तिथे जपायचं ते बाळाला कुशीत घेणं, कारण किरणं आईच्या अंगातून येतात. स्कॅननंतर काही तास आजीने बाळाला घ्यावं आणि आधी काढून ठेवलेलं दूध पाजावं.

आणि दूध फेकायचं कशाला? थांबायला सांगितलं तरी दूध पिळत राहा, नाहीतर छातीत गाठी होतात, पान्हा आटतो, आणि आटलेला पान्हा परत आणताना बाईचे फार हाल होतात. बाटलीवर तारीख-वेळ लिहून ते फ्रीजरमध्ये ठेवा. किरणोत्सार तिथेही कमी होत जातो. टेक्नेशियमचं स्कॅन असेल तर अडीच दिवसांनी तेच दूध बाळाला चालतं.

खरा धोका आयोडीन-१३१ या किरणोत्सारी औषधाचा, आणि मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही. ते निम्मं व्हायला ८ दिवस लागतात, ते दुधात भरपूर उतरतं आणि बाळाची थायरॉइड कायमची निकामी करू शकतं. थायरॉइडच्या उपचारासाठी ते घ्यायचं असेल तर साधारण ६ आठवडे आधीच पाजणं सोडवावं लागतं, आणि या बाळाला पुन्हा अंगावर घेता येत नाही. म्हणून सुई टोचण्याआधी किंवा औषध गिळण्याआधीच ‘मी पाजते आहे’ असं सांगा, औषधाचं नाव आणि थांबायचे तास लिहून घ्या. आयोडीन-१३१ घेतलेल्या आईलाही पुढच्या बाळंतपणात पाजता येतं.