गळते तिथं गळत नाही

मृग लागला की गावाचे डोळे आभाळाकडं लागतात, माझे आढ्याकडं. पोरं धोंडी घेऊन दारात येतात, बायको त्यांच्या अंगावर पाणी ओतते, सुपातलं धान्य घालते, आणि मी मागं उभा राहून मनात म्हणतो, येऊ दे बाप्पा, पण पराटीवर, कपाशीवर येऊ दे, पलंगावर नको.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या सैपाकखोलीवर कुंभाराच्या हातची गावठी कवेलू, म्हणजे कौलं, आहेत, पुढच्या खोलीवर मंगलोरी. गावठी कधी गळली नाहीत. गळतात ती मंगलोरी, म्हणजे पैसे मोजून आणलेली. त्यातही शिस्त नाही. रात्रभर झड लागली तर टिपूस नाही. पश्चिमेचा वारा सुटून सर आली की थेट उशीवर. पलंग सरकवला की थेंबही सरकतो. मग घरातले सगळे गंज, म्हणजे पातेली, आणि एक घमेलं पलंगाभोवती मांडायचं. पाऊस जोरात असला की वरण शिजवायला गंज उरत नाही. पिठलं कढईत होतं, म्हणून झडीच्या दिवसांत आम्ही पिठल्यावर असतो.

गळक्या घराला सल्ल्याची ददात नसते. एक म्हणाला, डांबर ओता. दुसरा म्हणाला, सिमेंटनं सांधे भरा. (लाकडाचा सांगाडा उन्हापावसानं हलतो, सिमेंट काही हलत नाही, तडकतं, हे त्याच्याच घरात दिसत होतं.) शेजारच्या भाऊंचं नुकतंच घरकुल झालेलं, वर स्लॅब. ते रोज कुंपणावरून ओरडत, "काहाले कवेलूच्या मांगं लागता? टिनं टाका, टिनं!" मे महिन्यात पारा 45 वर जातो तेव्हा टिनाखाली काय होतं, हे कूलरसमोर बसणाऱ्याला कोण सांगणार?

शेवटी कवेलू फेरणारे बाबा आले. थेंबाच्या जागी मी खडूनं केलेल्या खुणेकडं त्यांनी पाहिलंही नाही.

"वारा कोन्या बाजूचा रायते?"

"पश्चिमेचा."

"मंग इथं काईच नाई."

"बाबा, पाणी इथंच पडते ना जी!"

"पडते इथं. येते दुसरीकून."

मग ते शिडीनं चढले आणि मला आत उभं केलं. खालच्या ओळीपासून सुरुवात करून एकेका ओळीवर लोट्यानं पाणी ओतायचं, थोडं थांबायचं आणि विचारायचं, "आलं काय?" वरून ओतत खाली आलं तर पाणी सगळ्याच ओळींवरून जातं आणि चोर सापडत नाही. "आलं काय?" "नाही जी." बराच वेळ आमचं एवढंच बोलणं. मान आखडली, आणि तेवढ्यात रिपेच्या खालच्या अंगाला एक ओली रेघ दिसली. ती तिरपी सरकत आली, लाकडाच्या गाठीशी थबकली, फुगली आणि माझ्या कपाळावर पडली.

गुन्हेगार कवेलू तिथून चांगलं दोन हात वर होतं. उलटं करून बाबांनी दाखवलं. रिपेला अडकायचं मागचं नाक तुटलेलं. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात गावात येणारी वानरं कडुनिंबावरून आमच्या छतावर उड्या मारतात, हा त्यांचाच पराक्रम. कवेलू इंचभर घसरलं आणि फटीत निंबाच्या काड्या, माती, पाला साचून खाचेत बांध तयार झाला. वारा आला की पाणी त्या बांधावरून उलटं आत. सरकारी बंधारे इतकं पाणी अडवत असते तर!

नवीन कवेलू आणलं, तर बसेना. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी 1860 च्या दशकात मंगळुरात या मंगलोरी कवेलूंचा धंदा सुरू केला. पुढं कारखाने वाढले आणि ज्याच्या त्याच्या साच्याची खाच वेगळी झाली. एकाचं कवेलू दुसऱ्याच्या कवेलूत धड बसत नाही. आमच्यावरचा छाप पाहून बाबा म्हणाले, "अस्साच पायजे." असाच छाप गावात एकाच ठिकाणी निघाला: स्लॅबवाल्या भाऊंच्या जुन्या घराच्या कवेलूंवर, जी आता त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर होती.

भाऊंनी खुराड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एका कवेलूपायी सहकुटुंब पाटोडी-रस्स्याचं जेवण ठरवून घेतलं.

आता उशी कोरडी आहे, वरणाला गंज मिळतो. भाऊ 'टिनं टाका' म्हणायचे बंद झालेत. उरलेली कवेलू त्यांनी खुराड्यावरून उतरवून, धुऊन पडवीत रचून ठेवली आहेत, आणि परवा त्यांच्या नातवाला मी स्वतःच्या डोळ्यांनी आमच्या कडुनिंबाखाली वानरांना शेंगदाणे टाकताना पाहिलंय.