चाकाची पत्रिका

पन्नाशी जवळ आली की नवऱ्यांना काहीतरी लागतं. कुणाला मॅरेथॉन लागते, कुणाला घरी पाव भाजणं. माझ्या नवऱ्याला जुन्या बीएमएक्स, म्हणजे मातीत उड्या मारायच्या बुटक्या सायकलींची चाकं लागली. अख्खी सायकल नव्हे, नुसती चाकं. आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, त्यामुळे रोग मुळातला इथलाच. १९७०च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं मातीत मोटरसायकली पळवणाऱ्या मोटोक्रॉसवाल्यांची नक्कल करत श्विनच्या स्टिंग-रे सायकली मातीच्या उंचवट्यांवरून उडवायला लागली. पोरं पुढे मोठी होऊन कामाला लागली असतील. चाकं आमच्या गॅरेजमध्ये आली.

चाक विकत घेणं सोपं आहे. खरा छळ सुरू होतो तो त्याचं साल ठरवताना. त्यात माझ्याकडे टॉर्च धरण्याचं खातं आहे.

"जरा डावीकडे घे. अगं, माझ्या डावीकडे."

विकणारा छातीठोकपणे सांगतो, "अगदी मूळ, एक्क्याऐंशीचं." पण चाक ही एक वस्तू नसतेच. हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, एका कारखान्यातला, रिम दुसऱ्या, फ्रीव्हील, म्हणजे साखळीचं मागचं दातेरी चक्र, तिसऱ्या. तिघांच्या पत्रिका जुळल्या तरच चाक मूळचं, नाहीतर कुणीतरी मागाहून लावून दिलेला संसार. आपल्याकडे जन्मवेळ बघून नावाचं अक्षर काढतात, इथे अक्षर बघून जन्मवेळ काढायची. शिमानो या ओसाकाकडच्या जपानी कंपनीच्या मालावर दोन बारीक अक्षरं असतात. पहिलं सालाचं, दुसरं महिन्याचं. ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं बोटं मोजत एफपर्यंत आलं की १९८१. झेड २००१ला संपला आणि पुढच्या वर्षी पुन्हा ए! म्हणजे आजोबा आणि नातू एकाच राशीचे. सनटूरवालेही ओसाकाकडचेच, तेही दोनच अक्षरं ठोकणार, पण त्यांचा ए म्हणजे १९८४. शेजाऱ्याला विचारून घ्यायला काय झालं होतं?

पुण्यात बाबांच्या सायकलला पालिकेचा बिल्ला असायचा. त्यावर साल ठसठशीत असे, कारण पैसे पालिकेला घ्यायचे होते. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरनेही हबवर सरळ आकड्यात साल ठोकलं, शेजारी महिना. इंग्रजांबद्दल मी एरवी चांगलं बोलत नाही, पण हे त्यांचं मान्य करायला हवं.

सगळ्यात वाईट फ्रीव्हील. सनटूरची अक्षरं त्याच्या पाठीवर, आणि पाठ हबला चिकटलेली. चाळीस वर्षं पोरांनी पॅडल मारमारून ते आवळलेलं. शिवाय दोनच खाचांचं. त्या खाचांत बसणारं हत्यार आधी शिकंज्यात आवळायचं, वर चाक उपडं ठेवायचं आणि दोघांनी रिम धरून स्टिअरिंगसारखी फिरवायची. हत्यार सटकलं तर खाचा गेल्या, खाचा गेल्या तर फ्रीव्हील जन्मभर तिथेच. रविवारी दुपारी, जेवून वामकुक्षी घ्यायच्या वेळी, आम्ही नवरा-बायको गॅरेजमध्ये असे एका चाकाला लोंबकळत होतो. समोरच्या घरातली बाई हात हलवून हसली. मला हात हलवता आला नाही.

प्लॅस्टिकची चाकं त्यातल्या त्यात बरी वाटतात. स्कायवेचं टफ व्हील, काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं, जाड पाच आऱ्यांचं, इथल्याच रेडिंग गावचं. गंजत नाही, आऊट काढायला लागत नाही. पण कंपनी ते आजही बनवते. मग पांढरं चाक नवं की जुनं? जुनं पिवळं पडतं म्हणावं, तर लोक पिवळं झालेलं नायलॉन रंगाच्या उकळत्या पाण्यात बुडवून निळं-लाल करतात. हे कळल्यावर नवऱ्याची नजर माझ्या सगळ्यात मोठ्या पातेल्याकडे गेली. चाक वीस इंची, म्हणून पातेलं वाचलं.

उन्हाळ्यात सासूबाई आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, पंचांगातलं अक्षर विनाचष्म्याचं वाचणाऱ्या. भिंगाखाली नवरा घाम गाळत होता, तेवढ्यात त्या चहा घेऊन आल्या.

"अरे, पुसतोस काय नुसता? भर."

आत गेल्या, तोंडाला लावायच्या पावडरचा डबा घेऊन आल्या, चिमूटभर हबवर चोळली आणि पदराने वरवर पुसली. खोलगट अक्षरांत पावडर राहिली. एफ, जी. १९८१चा जुलै. नवऱ्याने आईकडे असं पाहिलं, जसं माझ्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नाही.

तिथून खातं सासूबाईंकडे गेलं. अडचण एकदाच आली, टायरच्या वेळी. स्टिंग-रेचं पुढचं चाक, रिमवर एस-७ असा ठसा. नवऱ्याने सांगितलं की याला वीस गुणिले एक पूर्णांक तीन चतुर्थांशचं टायर लागतं, एक पूर्णांक पंचाहत्तरचं चालत नाही.

"दोन्ही पावणेदोनच," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अपूर्णांकवालं चारशे एकोणीस मिलिमीटरच्या रिमवर बसतं, दशांशवालं चारशे सहाच्या."

"पावणेदोन म्हणजे पावणेदोन."

त्याने दोन्ही टायरं आणून दाखवली. एक चढलं. दुसरं, आम्ही तिघांनी मिळून, गुडघे लावूनही चढेना. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हे मी सातवीच्या वर्गात सांगितलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतं."

परवा त्यांना स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या मालाच्या बाजाराला नेलं. एका तंबूत एक चाक होतं, स्वच्छ, चकचकीत. विकणारा म्हणाला, सगळं मूळ, एक्क्याऐंशीचं. सासूबाईंना इंग्रजी बेताचंच येतं. त्यांनी पर्स उघडून पावडरचा डबा काढला, चाकाजवळ ठेवला आणि पदर खोचला. त्या माणसाने आधी डब्याकडे, मग सासूबाईंकडे पाहिलं, आणि कुणी काही विचारायच्या आत दहा डॉलर कमी केले.

"अजून पाठ कुठे बघितलीय?" सासूबाई मराठीत म्हणाल्या. त्याने आणखी पाच कमी केले.