‘बेखौफ’ ऐकताना

ब्लडीवूड आणि बेबीमेटल या दोन बँडनी मिळून केलेल्या ‘बेखौफ’ या गाण्यावरचा एक लेख वाचला. त्यात गाण्याला ‘दोन बाजारपेठा जोडण्याची खेळी’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. बाजार असेलही, नाही कोण म्हणतंय! पण नुसता बाजार असता तर एका बँडच्या गाण्यात दुसऱ्याच्या गायिकेला चार ओळी देऊन मोकळे झाले असते. इथे दिल्लीचा ब्लडीवूड आणि जपानचा बेबीमेटल हे दोन मेटल (म्हणजे जड, आक्रमक रॉक) वाजवणारे बँड अक्षरशः एकमेकांच्या अंगावर धावून येतात. ब्लडीवूडचा गायक जयंत भादुला घशातून खरवडून काढतो तो आवाज, त्याच बँडच्या राऊल केरचं इंग्रजी रॅप, आणि मग बेबीमेटलची गायिका सु-मेटल हिचा तो स्वच्छ, सरळ वर जाणारा सूर. हेडफोन लावून ऐका, खरखरीनंतर तो सूर येतो तेव्हा खिडकी उघडल्यासारखं वाटतं. हिंदी, इंग्रजी, जपानी अशा तीन भाषा आहेत, पण कुठे ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही. जपानी मला ओ की ठो कळत नाही, तरी अडलं नाही कुठे.

व्हिडिओ ॲनिमेशनचा आहे, तो मला ठीकठाक वाटला.

आणि हे एकदाच झालेलं नाही. ‘बेखौफ’ ब्लडीवूडच्या ‘नू दिल्ली’ अल्बममध्ये आलं, आणि त्याच वर्षी, २०२५ मध्ये, बेबीमेटलच्या ‘मेटल फोर्थ’मध्ये ‘कोन! कोन!’साठी ब्लडीवूड पाहुणे. (कोन कोन म्हणजे जपानीत कोल्ह्याचा आवाज, आपली कोल्हेकुई!) परतफेडच म्हणा ना. लेखात या दुसऱ्या गाण्याचा उल्लेखच नाही, ते आधी ऐका.